रुमालाआड

आधी यायचा जमनीचा राग आणि मागून यायची जमनी. तांड्यात सगळे असंच म्हणायचे. भावसिंगाची ही लेक चुलीपुढे बसली तर लाकडं घाबरून पेटतात, असंही म्हणायचे. पण तिच्या हाताला सुई लागली की मात्र सगळं गप्प. मग तो राग बोटांत उतरायचा, बोटांतून दोऱ्यात, आणि लाल कापडावर आरसे लखलखायला लागायचे.

त्या दिवशी दारव्ह्याच्या बैलबाजारात श्रावणाची झड लागली होती. पोळा महिन्यावर आला होता. ओढ्याकाठच्या कडुनिंबाखाली जमनीनं ताडपत्री ताणली होती आणि तिच्याखाली आपलं दुकान मांडलं होतं... कवड्यांच्या माळा, रेशमी गोंडे, वेसणी, म्होरक्या. मधोमध तिची लाडकी झूल, कवड्या-आरशांनी भरलेली. बैलाच्या पाठीवर पडली की बैल नवरदेव दिसावा अशी.

त्या झुलीवर टप्पकन एक थेंब पडला. मग दुसरा. जमनीनं मान वर केली. एक काळी छत्री तिच्या दुकानावर वाकली होती, आणि छत्रीच्या काडीकाडीतून पाणी ठिबकत होतं.

"ओ छत्रीवाले! आभाळातून कमी पडून राह्यलं काय, म्हणून तुमी वरून गाळून राह्यले?"

छत्रीखालचा तरुण दचकला. चष्मा, पांढरा सदरा, खाकी पँट, हातात सरकारी पिशवी. घाईनं मागं सरला, तो ताडपत्रीच्या बांबूवरच आदळला. ताडपत्रीच्या पोटात साचलेलं सगळं पाणी भस्सकन त्याच्या डोक्यावर आलं.

शेजारी मिठाचं पोतं मांडून बसलेली म्हातारी मोतीबाई तोंडाला पदर लावून खदखदली. जमनी हसली नाही. आपल्या गोर बोलीत ती मोतीबाईला म्हणाली, "ई वेंडो छ, याडी." येडा हाय हा, माय.

तरुणानं चष्मा काढला, ओल्या सदऱ्याला पुसला — तो आणखीच ओला झाला — आणि शांतपणे म्हणाला, "वेंडो कोनी... येडा नाही, नुसता भिजलोय."

जमनीच्या हातातली सुई हातातच राहिली. हा साहेब आपला? लमाणाचा?

"कोणाचा रे तू, बाळा?" मोतीबाईनं लगेच धागा धरला.

"चव्हाण. खेमसिंग. राजूरकडचा. बापू कोळशाच्या खाणीत आहेत."

"चव्हाण..." मोतीबाईनं जमनीकडे पाहिलं आणि डोळा बारीक केला. "आन आपण राठोड. गोत येगळं हाय बाई. जमते."

जमनीनं हाताला लागलेला गोंडा मोतीबाईला फेकून मारला. पण कानाच्या पाळीपर्यंत चढलेली ती ऊब रागाची होती की आणखी कशाची... ते तिचं तिलाच कळेना. मग तिला त्याचाही राग आला.

खेमसिंग यवतमाळच्या कचेरीतून आला होता. तिसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली होती, गावोगावचे आराखडे निघत होते. दारव्हा वाढवायचं तर इथं कोणता धंदा किती चालतो, कोणाला काय हवं... रस्ता, गोदाम, पाणी... हे धंदेवाल्यांकडूनच विचारून घ्यायचं होतं. गावातल्या बड्या लोकांची एक विकास समिती झाली होती, अडत्या सदाशिवराव तिचे अध्यक्ष. त्यांनी आपली यादी दिलीच होती. पण हा पोरगा त्यावर न थांबता बाजारात उतरला होता.

ताडपत्रीवर पाऊस ताडताड वाजत होता. ऐकू जावं म्हणून खेमसिंगानं आवाज चढवला, "बाई, एका पोळ्याला विक्री किती होते? कमाई किती?"

आजूबाजूचे चार आवाज बंद झाले. शेजारच्या दावणीपाशी उकंडा दलाल उभा होता, त्याची मान वळली. पलीकडच्या वेसणवाल्यानं वेसण वळायची थांबवली. सगळ्यांचे कान जमनीच्या तोंडाकडे.

"कायची कमाई?" जमनी म्हणाली. "माशा मारून राह्यली इथं."

"बरं," खेमसिंग म्हणाला आणि लिहून घेतलं.

मग तो भावसिंगाकडे गेला. भावसिंगाच्या दावणीला खिलारी गोऱ्हे उभे होते, त्याच सकाळी त्यानं दोन जोड्या हातोहात विकल्या होत्या. तोही म्हणाला, "बैल कोन घेते बाप्पा आता? मंदी हाय." बोरी अरबचे व्यापारी म्हणाले, मंदी हाय. उकंडा म्हणाला, दलालीत चहाही निघत नाई. खेमसिंगानं सगळ्यांचं ऐकलं. सगळ्यांवर विश्वास ठेवला.

जाताना तो पुन्हा जमनीच्या दुकानाशी थांबला. लाल-हिरवा एक गोंडा उचलला.

"बैल हाय काय तुमच्याकडे?" जमनीनं विचारलं.

"नाही."

"मग कोनाच्या शिंगाले बांधसान?"

"छत्रीच्या," तो म्हणाला, आणि खरंच त्यानं छत्रीच्या मुठीला तो गोंडा बांधला. "म्हणजे लांबूनच कळेल, वेंडो आला म्हणून. झुली झाकता येतील."

या वेळी मात्र जमनीला हसू आलं. तिनं ते पटकन गिळलं. पण गिळलेलं हसू पोटात गुदगुल्या करतं, ते काही तिला आधी ठाऊक नव्हतं.

पुढच्या बाजारी गोंड्याची छत्री लांबूनच दिसली. जमनीनं झूल झाकली नाही. तो आला, म्हणाला, "आज माशा किती मारल्या?" ती म्हणाली, "एक मोठी आता येऊन बसली हाय, हात शिवशिवून राह्यले." मोतीबाई म्हणाली, मार बाई मार, माशीच वाट पाहून राह्यली. असं सगळं चाललं होतं. आणि त्यातच एक दिवस उकंडा चिखल तुडवत, धापा टाकत आला.

"भावसिंग! बाजार गेला आपला!"

समितीचा आराखडा ठरला होता. पोळा झाला की बैलबाजार बंद. ओढ्याकाठची ही जागा, हे कडुनिंब, हे जनावरांचं पाणी, सगळं मोकळं करून तिथं कापसाची गोदामं उठणार होती. सदाशिवरावांनी शाळेत भर सभेत वाचून दाखवलं होतं, बैलबाजारात धंदाच नाही, खुद्द बाजारवाल्यांनीच सांगितलं, सरकारच्या माणसानं दारोदार विचारून लिहून आणलंय.

भावसिंग मटकन दगडावर बसला. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. रेल्वे आली, पाठीवरची गोणी गेली, राहिले ते बैल. आता बैलही गेले तर तांड्यानं हातात काय धरायचं? आणि जमनीच्या झुली... बैलबाजार नाही तिथं झूल कोणाच्या अंगावर?

जमनी उठली. पावसात, डोक्यावर पदर न घेता, शाळेकडे निघाली.

शाळेच्या पडवीत खेमसिंग एकटाच टेबलाशी बसला होता. खिळ्याला छत्री अडकवलेली. जमनीनं आधी छत्रीचा गोंडा हिसकून तोडला.

"हा माहा गोंडा. आमचा घात करणाऱ्याच्या छत्रीले नाई शोभत."

"जमनी, बस... ऐक..."

"काय ऐकू? तुह्यासंगं हसली, दोन शब्द बोलली, ते तू नेऊन सदाशिवरावाच्या पदरात टाकले? आमचा गोर म्हणवतो? कोनाच्या घरचं मीठ खाल्लं रे तू?"

खेमसिंगचाही चेहरा लाल झाला. तो उठून उभा राहिला. "मी काय मनचं लिहिलं? तुलेच इचारलं होतं. तूच म्हणाली, माशा मारते. तुह्या बापूनं सांगितलं, मंदी हाय. समितीत भांडलो मी, म्हटलं, बाजार गजबजलेला दिसते, काहीतरी चुकून राह्यलं. ते म्हणाले, तुझ्याच कागदात लिहून हाय ना? मग? खोटं कोन बोललं — मी का तू?" शहरी मराठी त्याच्या जिभेवरून कधी निसटली, त्यालाही कळलं नाही.

जमनीचा राग घशाशी होता, पण त्यातला अर्धा घास आपल्याच वाटचा आहे हे तिला तिथं, त्या ओल्या पडवीत कळलं. आपणच बोललो होतो. सगळा बाजारच बोलला होता. आपल्या तोंडानं आपलं घर मोडून दिलं होतं.

"बोंबलून इचारलं तू," ती म्हणाली. "चार मानसांत. बैलबाजारात भाव कोनी तोंडानं सांगते काय? बाप जन्मात कोनी सांगितला काय? तुह्या बापूनं शिकवलं नाई तुले?"

"माझ्या बापूनं कोळसा उपसला," खेमसिंग हळू म्हणाला. "बैल मी पुस्तकात पाहिले."

जमनीनं खांद्यावरची झूल खाली घेतली. रागाच्या भरात ती तिनं दुकानातून तशीच उचलून आणली होती. आता तिनं तिचं टोक आपल्या उजव्या हातावर टाकलं.

"घाल हात. खाली."

"काय?"

"रुमालाखाली सौदा होते, बावळटा! घेणारा हात घालते, देणारा हात घालते. वरून रुमाल. बोट दाबलं की भाव समजते. तोंडानं दोघंही बोंबलत राह्यतात, परवडत नाई, मेलो, लुटलं! ते लोकायसाठी. खरं ते रुमालाआड. दुसऱ्या कोनाले कळत नाई, म्हणून तिथं कोनी खोटं बोलत नाई."

खेमसिंगनं झुलीखाली हात घातला. आणि जमनीला आठवलं, बाजारात बाईचा हात रुमालाखाली कधी जात नाही. तिचाही कधी गेला नव्हता. रागात ती हे विसरली होती. आता झूल वर, हात खाली, आणि मागं घ्यायचा तर आपणच हरलो असं होणार. तिनं त्याची बोटं धरली. एकेक दाबत, मागच्या पोळ्याला किती झुली गेल्या ते सांगितलं. शाईचे डाग पडलेली ती बोटं. कशी थंड होती... आणि मग हळूहळू थंड राहिली नाहीत.

खेमसिंगनं झटकन हात काढून घेतला. कान लाल झाले होते त्याचे.

"सोडला!" जमनी कडाडली. "आमच्यात जो आधी हात सोडते, त्यानं सौदा मोडला!"

"मी सौदा मांडलाच कुठं होता?"

"मग मांडशीन तवा सोडू नको!"

बोलून गेली, आणि मग आपण काय बोललो ते तिचं तिला ऐकू आलं. तिनं झूल गोळा केली आणि आली तशी पावसात चालती झाली. पायांखालचा चिखल ती असा तुडवत होती की जशी काही चूक त्या चिखलाचीच.

पुढच्या बाजारी खेमसिंग छत्रीशिवाय आला. कडुनिंबाखालच्या दगडावर बसला, खांद्यावरचा पांढरा रुमाल काढला, हातावर टाकला आणि गप्प बसून राहिला. पिशवी नाही, प्रश्न नाही.

"काय घेता साहेब? बैल का हत्ती?" उकंडानं खवचटपणे विचारलं. सगळे हसले. खेमसिंग नुसता हात पुढं करून बसला.

शेवटी भावसिंग उठला. त्यानं लेकीकडे एकदा पाहिलं, मग जाऊन रुमालाखाली हात घातला. तोंडानं म्हणाला, "मंदी हाय बाप्पा, लई मंदी." आणि रुमाल हलत राहिला, हलत राहिला. खेमसिंगच्या भुवया हळूहळू वर चढल्या. मग बोरी अरबचे आले. मग वेसणवाला. मग उकंडाही आला, इकडंतिकडं पाहत. मोतीबाई जमनीच्या सुईत दोरा ओवता ओवता गुणगुणली,

"बैलाच्या बाजारी बाई, तोंड बोलते लबाड
रुमालाच्या आड, हात खरा..."

सगळ्यांच्या हातात हात घालून झाला, पण खेमसिंग जमनीच्या दुकानाकडे आला नाही. लांबूनच एकदा पाहिलं, आणि मान खाली घालून निघून गेला.

"माहा धंदा धंदा नाई काय?" जमनी दाताखाली दोरा तोडत म्हणाली. "सबन बाजाराचे हात धरले, मीच तेवढी वांझोटी!"

"भर बाजारात पोरीचा हात धरीन काय तो?" मोतीबाई म्हणाली.

"कायले नाई?"

जमनीचा दोरा पुन्हा तुटला.

शाळेत सभा भरली. बायकांना बोलावणं नव्हतं, जमनी बापामागून गेली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. खेमसिंगनं नवी माहिती मांडली. बैलबाजार केवढा मोठा आहे, त्यावर कोण कोण जगतं, दोरवाले, लोहार, मीठवाले, झुलवाले. गोदामांना रुळांपलीकडची पडीक जागा आहेच, हेही सांगितलं.

सदाशिवराव खुर्चीत रेलले. खांद्यावर जरीकाठी उपरणं, मिशीला पीळ. "म्हणजे परवापर्यंत माशा मारत होते, आन आता सोन्याचा धूर? कोनी सांगितलं हे? कोनी ऐकलं?"

"हातानं सांगितलं. रुमालाखाली."

सभा हसली. "अरे बाप्पा!" सदाशिवराव म्हणाले. "रुमालाखालच्या गोष्टीवर गाव चालवायचं काय आता? ज्याले धंदा हाय, तो उजागरीनं सांगते. न सांगण्यासारखं काय असते त्यात?"

खेमसिंगनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जमनीच्या डोक्यात ठिणगी पडली. ही खुर्ची, ही मिशी, आणि तो वेडा तिथं एकटा उभा... आमच्यासाठी!

"सदाशिवराव!" दारातून आवाज आला तशा सगळ्या माना वळल्या. "पोळ्यासाठी तुमी नवी जोडी घेतली. गावात मिरवून राह्यले. कुठून घेतली?"

"कुठून म्हणजे? इथूनच. तुह्याच बापापासून." त्यांची छाती जरा फुगली. "तालुक्यात तशी जोडी नाई."

"केवढ्याले?"

सदाशिवरावांचं तोंड उघडलं. त्यांनी डावीकडे पाहिलं, तिथं जिनिंगवाले होते. उजवीकडे पाहिलं, तिथं धाकटे भाऊ होते. तोंड मिटलं. आणि मग... कोणाच्या ध्यानीमनी नसताना, त्यांचा डावा हात आपसूक खांद्याकडे गेला, उपरणं खाली आलं, उजव्या हातावर पसरलं, आणि तो झाकलेला हात त्यांनी जमनीच्या बापापुढे केला.

"भावसिंग, सांग बाप्पा हिले... तू सांग..."

सगळी शाळा हसून फुटली. मागच्या बाकावरचा उकंडा डोळे पुसत खाली बसला. सदाशिवरावांनी आपल्या हाताकडे पाहिलं, उपरण्याकडे पाहिलं... आणि मिशीखालून त्यांनाही हसू आवरेना.

"उजागरीनं सांगा ना!" जमनी अजून पेटलेलीच होती.

"बस कर व माय," ते म्हणाले. "हारलो. न्या तुमचा बाजार. गोदाम रुळांपलीकडे बांधू."

आराखड्यात ओढ्याकाठची जागा बैलांचीच राहिली.

पोळ्याआधीचा शेवटचा बाजार. दुपार कलली होती, जनावरं घुंगरं वाजवत घरोघर निघाली होती. खेमसिंगचं काम संपलं होतं, दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं तो यवतमाळला परत जाणार होता. हे जमनीला मोतीबाईनं सांगितलं, तेही उगाच मिठाचं माप भरता भरता. तेव्हापासून जमनी झुलीच्या घड्या घालत होती, मोडत होती.

तो आला. छत्री होती, मुठीला गोंडा नव्हता. थेंब झुलीवर पडू नयेत म्हणून त्यानं ती लांबच मिटून ठेवली आणि भिजत भिजत ताडपत्रीखाली येऊन बसला.

"आता कायले आला? सबन बाजाराचा हिशेब झाला ना तुहा? माहं दुकान तेवढं आंधळं दिसलं तुले. जाय, गाडी चुकीन."

"भावसिंगबापूंना इचारायचं होतं आधी," तो म्हणाला.

"काय?"

"ते म्हणाले, दुकानाची मालकीण बसली हाय, सौदा तिच्याशी कर." आणि त्यानं हात पुढं केला. पांढरा रुमाल त्यावर टाकला.

जमनीनं त्या रुमालाकडे पाहिलं. "भर बाजारात?"

"भर बाजारात."

"लाज नाई वाटत? नोकरीवाला मानूस! उद्या यवतमाळले जाशीन, तिथं खुर्चीत बसशीन, आन इथं लोक मले बोलतीन. चष्मा हाय तरी दिसत नाई तुले काही. आन गोंडा तोडला तर पुन्हा मागावं नाई मानसानं? एवढा राग येते काय मानसाले..." ती बोलत राहिली. बोलता बोलता तिचा हात रुमालाखाली गेला.

एकही बोट दाबलं गेलं नाही. भाव नव्हताच. तळहाताला तळहात लागला आणि तिथंच राहिला.

"आन एक सांगते," जमनी म्हणाली, "तांड्यात नवरदेव होऊन राह्यले येशीन तवा बैलाची शेपटी कोनती आन शिंग कोनतं, तेवढं शिकून ये..."

"येईन."

"उगाच येईन म्हणू नको!"

"हात सोडला काय मी?"

झड वाढली. ताडपत्रीच्या पोटात पाणी साचत गेलं, फुगत फुगत खाली आलं. एरवी जमनी काठीनं ते वेळीच वर ढकलायची.

"अगं जमनी!" मोतीबाई ओरडली. "ताडपत्री भरली! काठी घे! झूल भिजीन तुही!"

काठी हाताशीच होती. पण हात मोकळा कोणाचा होता? जमनीनं वर पाहिलं. खेमसिंगनं वर पाहिलं. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

ताडपत्री वाकली आणि भस्सकन सगळं पाणी दोघांच्या डोक्यावर आलं. तिच्या केसांवर, त्याच्या चष्म्यावर, त्या लाडक्या लाल झुलीवर. एका थेंबासाठी बाजार डोक्यावर घेणारी जमनी चिंब भिजून बसून राहिली.

"वेंडो," ती म्हणाली. रागानंच म्हणाली.

रुमाल हलला नाही.